दगडाच्या खाचेतलं

“दगड इतका स्वच्छ केला, भन्ते. तरी शेवाळ धरत का नाही?”

विशाखाने डब्यातून ओला दगड काढून विहारातल्या म्हाताऱ्या भन्तेंपुढे ठेवला. दगडाला दोऱ्याने बांधलेलं शेवाळ तपकिरी पडलं होतं. हातावरची लग्नातली मेंदी केव्हाच गेली होती. आता हेही गेलं.

घरातली माशांची काचेची टाकी नवऱ्याच्या पहिल्या बायकोची, प्रज्ञाची. ती वारली, टाकी राहिली. कामावरून आला की नवरा आधी टाकीसमोर बसे. मासे कमी, प्रज्ञाने शेवाळ बांधलेला हा हिरवा दगड जास्त बघे. विशाखा चहा ठेवी, गार झालेला उचलून नेई.

मग एके दुपारी तिने दगड खरवडला. शेवाळ सडलं होतं, असं घरात सांगितलं. स्वतःच्या हाताने नवं बांधलं. ते मेलं. पुन्हा बांधलं...

नवरा रागावला नाही. “राहू दे, तुझ्याच्यानं नाही व्हायचं,” एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

प्रज्ञाला शेवाळ बांधायला भन्तेंनीच शिकवलं, हे सासूने सांगितलं होतं. तिचा हात हलका होता, हे सांगायलाही सासू विसरली नव्हती.

“जुनं सडलं होतं?” भन्तेंनी विचारलं.

“हो.”

भन्तेंनी दगड उचलून उजेडात धरला. अंगणात कुणीतरी झाडत होतं...

“नाही,” विशाखा म्हणाली. “हिरवंगार होतं.”

“कशाने काढलंस?”

“तारेच्या घासणीने. दर वेळी.”

“बोट फिरव.”

दोरा बाजूला सारून तिने फिरवलं. दगड ताटासारखा गुळगुळीत लागला.

भन्तेंनी दगड उलटा केला. तळाशी एक खाच होती. खाचेत नखाएवढं हिरवं.

विशाखाचं बोट आपसूक तिकडे गेलं. भन्तेंनी अडवलं नाही. तिने ओढलं. आणखी जोर लावला. नख दुमडलं, शेवाळ हललं नाही.

“कशाने बांधलंय ते?” भन्तेंनी विचारलं.

“...कशानेच नाही. प्रज्ञाचा दोरा कधीच कुजला असेल.”

तिचे डोळे भरून आले. दगडामुळे, की नखामुळे, तिचं तिला कळेना.

भन्ते उठले. परित्राणपाठात मनगटाला बांधतात त्या पांढऱ्या सुताचा एक तुकडा तोडून त्यांनी तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. दगड तसाच, खाच वर करून, तिच्याकडे सरकवला.

“तुझं या जुन्यालाच बांध.”