ठकू मुंगी आणि रताळ्याची फोड

एक होती मुंगी. नाव तिचं ठकू. केवढी? तिळाएवढी. राहायची गोजूच्या घरात, उंबऱ्याखालच्या फटीत.

गोजू म्हणजे बाळ, बरं का. रांगणारं, गुबगुबीत बाळ. गोजू पेज खायचा. खाता खाता फुर्र करायचा. खाली थेंब पडायचा, टप्प! तो थेंब ठकूचा. तिचा आणि तिच्या बारक्या बारक्या पोरांचा.

एके दिवशी काय झालं? थेंब पडलाच नाही. ठकूनं वाट बघितली, बघितली. फटीतून पोरं ओरडली, "आई गं, भूक!"

ठकू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. गोजूकडे आली.

"गोजू गोजू, तोंड उघड. मला घास मिळत नाही!"

गोजूनं ओठ घट्ट मिटले. मान हलवली. "मी नाही उघडणार! रोज तीच पेज. घर्रर्र वाटलेली, गुळगुळीत. मला दात आलेत, बघ, दोन! हातात धरायला फोड हवी. आई फोड देईल, तर मी तोंड उघडेन."

ठकू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. आईकडे आली.

"आई आई, फोड दे.
गोजू तोंड उघडत नाही,
मला घास मिळत नाही!"

"कसली फोड देऊ, ठकूबाई?"

"साखरेची दे!" ठकू लगेच म्हणाली. मुंगीच ती!

"छे गं! एवढ्याशा बाळाला साखर नको."

"मग शेंगदाणा दे!"

"अगं बाई! घशात अडकेल की."

"मग बिस्किट?"

"नुसतं गोड गोड. त्यानं अंगी काय लागणार?" आईनं विचार केला. "रताळं द्यावं. आपल्या परसातलं आहे. पण ते बघ, दगडासारखं कडक. रताळं शिजेल, तर मी फोड देईन."

ठकू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. रताळ्याकडे आली.

"रताळ्या रताळ्या, शिज ना.
आई फोड देत नाही,
गोजू तोंड उघडत नाही,
मला घास मिळत नाही!"

रताळं लाल लाल झालं. "मी नाही शिजणार! असं कोरडं कोरडं शिजतं होय कुणी? पाणी उकळेल, तर मी शिजेन."

ठकू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. पातेल्यातल्या पाण्याकडे आली.

"पाण्या पाण्या, उकळ ना.
रताळं शिजत नाही,
आई फोड देत नाही,
गोजू तोंड उघडत नाही,
मला घास मिळत नाही!"

पाणी डुलत म्हणालं, "मी नाही उकळणार! गारेगार बरी मजा आहे. चूल पेटेल, तर मी उकळेन."

ठकू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. चुलीकडे आली.

"चुली चुली, पेट ना.
पाणी उकळत नाही,
रताळं शिजत नाही,
आई फोड देत नाही,
गोजू तोंड उघडत नाही,
मला घास मिळत नाही!"

चुलीनं जांभई दिली. "मी नाही पेटणार! निखारा आहे गं, पण पोट रिकामं. काटकी येईल, तर मी पेटेन."

ठकू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. अंगणात काटकीकडे आली.

"काटकी काटकी, चल ना.
चूल पेटत नाही,
पाणी उकळत नाही,
रताळं शिजत नाही,
आई फोड देत नाही,
गोजू तोंड उघडत नाही,
मला घास मिळत नाही!"

काटकी हळूच कुजबुजली, "श्श! मी नाही हलणार! वर बघ कोण निजलंय. बोका उठेल, तर मी येईन."

वर बोका. केवढा? ढोलाएवढा! घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"बोकोबा बोकोबा, उठा ना.
काटकी हलत नाही,
चूल पेटत नाही,
पाणी उकळत नाही,
रताळं शिजत नाही,
आई फोड देत नाही,
गोजू तोंड उघडत नाही,
मला घास मिळत नाही!"

बोक्यानं एक डोळा उघडला. "कोण बोलतंय? दिसत तर कुणी नाही. मी नाही उठणार! मला उठवणारा अजून जन्माला यायचाय." आणि पुन्हा घुर्र घुर्र.

आता कुणाकडे जायचं? फटीतून पोरांचा आवाज आला, "आई गं, भूक!"

ठकू बोक्याच्या पंजावर चढली. पंजावरून पाठीवर. पाठीवरून डोक्यावर. डोक्यावरून नाकावर. आणि नाकावर ती नाचायला लागली! तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु!

बोक्याचं नाक हललं. मिशा हलल्या.

आ... आ... आक्छीऽऽ!

बोका उठला. टुण्!
काटकी हलली. सर्रर्र!
चूल पेटली. फुर्रर्र!
पाणी उकळलं. खदखद, खदखद!
रताळं शिजलं. रटरट, रटरट!

आईनं रताळं सोललं. निववलं. दोन बोटांत चेपून बघितलं. लोण्यासारखं मऊ! मग फोड दिली.

आणि गोजूनं तोंड उघडलं. आऽऽ!

थोडं तोंडात, थोडं नाकावर, थोडं पोटावर. दोन दातांनी चावतोय, खुदुखुदु हसतोय. ठकू खाली उभी. मान वर.

पडेल का? नाही पडलं.

आता पडेल का? अंहं.

गोजूनं मूठ दाबली. पच्च!

धप्प! ठकूच्या पुढ्यात रताळ्याचा गोळा. ठकूहून मोठा!

आई आली फडकं घेऊन. ठकू गोळ्यापुढे हात पसरून उभी. "आई, हे माझं!"

आई हसली. "हो गं बाई, तुझंच. केवढी वणवण केलीस!" आणि फडकं ठेवून दिलं.

"या रे पोरांनो!" ठकूनं हाक मारली. फटीतून पोरं आली. तुरु तुरु, तुरु तुरु. हय्या हो, हय्या हो! गोळा घरी नेला.

ठकू जेवली. पोरं जेवली. गोजू जेवला. आता राहिलं कोण?

तूच की रे! चल, उघड तोंड. आऽऽ!