अठरावा झेंडा

फार फार वर्षांपूर्वीची, करवंदीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, मोटारीचा रस्ता पोचला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सड्यावर ठकूबाई नावाची गवळी धनगरीण राहायची. तिच्या बारा म्हशी होत्या आणि कान असा तिखट, की जमिनीला लावला तर खालचं पाणी ऐकू यायचं, असं म्हणतात.

एकदा एक गोरा साहेब गोल्फसाठी जागा बघत वर आला. दमला होता बिचारा. ठकूबाईनं त्याला ताक दिलं. वाड्यावर आलेल्याला ताक पाजल्याशिवाय आणि विचारलेलं सांगितल्याशिवाय पाठवायचं नाही, ही धनगरांची रीतच. साहेबानं विचारलं, "भर उन्हाळ्यातही गवत हिरवं राहतं, अशी जागा आहे का इथं?"

"हाय की. चला, दावते," म्हणत ठकूबाई त्याला थेट झऱ्यापाशी घेऊन गेली.

झालं! गोल्फच्या मैदानात अठरा खळगे असतात आणि प्रत्येकात एक झेंडा. साहेबानं शेवटचा, अठरावा झेंडा तिथंच रोवायचं ठरवलं. झऱ्यात दगडमाती भरली, वर मऊ हिरवळ अंथरली. पण पायथ्याच्या आंबेखोल गावाचा ओढा याच झऱ्यावर चालायचा. वैशाखात तो पार आटला. गावातलं कुणी ठकूबाईला एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

एका सकाळी खेळ रंगात आला असताना ती आली आणि झेंड्याशेजारी पालथी पडून जमिनीला कान लावून राहिली. तीन दिवस उठली नाही. मैदानावरचे हमाल आंबेखोलचेच. तिला उचला म्हटलं की त्यांचे हात लुळे पडायचे! शेवटी साहेब स्वतःच तणतणत आला.

"सायेब," ठकूबाई म्हणाली, "म्या दावलं आन् तुमी बुजवलं. आता म्या सांगते म्हनून येकदा ऐका तरी."

साहेब हसत खाली वाकला. कान लावला, आणि त्याचं हसू मावळलं. रिकाम्या चरवीत दुधाची धार पडावी तसा आवाज खालून येत होता, असं म्हणतात. त्यानं आपल्या हातानं झेंडा उपटला. तोच पाणी पुरुषभर उसळलं. साहेबाचा चेंडू त्यात गेला, तो अजून सापडलेला नाही. दुपारपर्यंत आंबेखोलचा ओढा वाहू लागला. ठकूबाई मात्र काही उठली नाही. पण मनावरचं ओझं उतरवूनच गेली असणार माउली.

आता सड्यावर मोठं रिसॉर्ट आहे. मैदानात झेंडे सतराच. पाहुण्यांनी विचारलं तर त्यांच्या काठ्या वाहणारा कॅडी सांगतो, "अठरावा ठकूबाईचा." हंगामाच्या पहिल्या दिवशी आंबेखोलची एखादी बाई झऱ्याकाठी जमिनीला कान लावते. मॅनेजरसुद्धा बूट काढून उभा असतो. ती "वाजतंय" म्हणाली की मगच पहिला चेंडू उडतो.

एका वर्षी ती बाई बराच वेळ ऐकत राहिली आणि "वाजतंय" न म्हणताच उठली. त्या वर्षी हिरवळीसाठी मैदानाच्या तळ्यात साठवलेलं सगळं पाणी आंबेखोलच्या ओढ्यात सोडलं. हिरवळ पिवळी पडली. आलेल्या पाहुण्यांना मॅनेजरनं सगळी हकीकत सांगितली, आणि ताक पाजून परत पाठवलं.