घुमणाऱ्या वाडग्यात भेळ

एकदा एक चेला आपल्या गुरूवर जाम वैतागला होता. चेल्याचं नाव केरबा. बुवांच्या ध्यानवर्गात सात वर्षं काढून त्यानं आता तालुक्याच्या गावी दुकान टाकायचं ठरवलं होतं. माल काय, तर ध्यानाच्या घंटा, झांजा आणि ते काशाचे वाडगे. वाडगे म्हणजे तळपाय घासायच्या काशाच्या वाटीचे थोरले भाऊ. लाकडी दांडक्यानं टोला दिला की घुमत राहतात आणि शहरातली माणसं डोळे मिटून ऐकत बसतात. उद्घाटन रविवारी होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, फळ्या रिकाम्या होत्या. भांडवलासाठी बायकोनं शिलाई मशीन विकली होती. माल खोटा निघाला तर दुकान उघडायच्या आधीच बसणार होतं.

म्हणून तो बुवांना घेऊन घाऊक बाजारात शेटजींकडं आला. आणि बुवांना आणलं हीच चूक झाली, असं त्याला सकाळपासून वाटत होतं. बुवा स्टँडवर चहाला थांबले. मग मांजर दिसलं म्हणून थांबले. मग भेळेचा पुडा घेतला आणि तो हातात धरूनच गोदामात शिरायला लागले.

"बुवा, आपण खरेदीला आलोय, जत्रेला नाही," केरबा दात आवळून म्हणाला.

"मग जत्रेला कधी जायचं?" बुवांनी विचारलं.

शेटजी मात्र एकदम गोड माणूस. गादीवर बसून घमेल्याएवढ्या मोठ्या वाडग्याच्या कडेनं दांडकं फिरवत होते. अख्खं गोदाम त्या आवाजानं भरलं होतं.

"वातावरण लागतं हो," शेटजी हसत म्हणाले. "तुम्ही बिनधास्त वाजवून घ्या. आपल्याकडं लपवाछपवी नाही." आणि दांडकं फिरवत राहिले.

केरबा पारखायला बसला. टण, छान. टण, झकास. अर्ध्या तासात साठ वाडगे वाजवले, एक नापास नाही. आता पोतं शिवायला सुतळी मागणार, तेवढ्यात बुवा उठले, शेटजींच्या समोर उकिडवे बसले आणि हातातली भेळ त्या मोठ्या वाडग्यात ओतली.

अख्खी. कांदा, चिंचेची चटणी, सगळं.

शेटजींचं दांडकं थांबलं. केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुडा गळत होता," बुवा म्हणाले आणि खायला लागले. "घ्या शेट, दोन घास."

"अहो आजोबा, ते ध्यानाचं भांडं आहे."

"असू दे. उपाशीपोटी कुठं ध्यान लागतंय."

केरबानं हात जोडले. "बुवा, तुम्ही घरी जा. पाया पडतो तुमच्या. चार दिवसांवर उद्घाटन आलंय आणि तुम्ही शेटच्या मालात भेळ कालवताय."

"माझं खाऊन होतंय. तोवर तू तुझे साठ परत वाजव."

"वाजवून झालेत."

"मग हात बसलाय तुझा. वाजव."

केरबानं सगळा राग पहिल्याच वाडग्यावर काढला. टक्. आवाज निघाला आणि तिथंच पडला, डालड्याच्या डब्यावर खडा पडावा तसा. दुसरा वाजला, पण लगेच चिरकला. तिसरा मात्र घुमला. घुमत राहिला. बाहेर एक हातगाडीवाला ओरडत आला, ओरडत गेला, तरी हा आपला चालूच. केरबा टक लावून त्याच्याकडं बघत बसला. मग एकेक वाडगा, त्याचा आवाज पुरता संपेपर्यंत थांबून, त्यानं पुन्हा वाजवला. दुपार टळली. "गरमीत आवाज बसतो," असं शेटजी मध्ये एकदा म्हणाले, पण मोठ्यानं नाही. साठातले एकोणीस उरले.

परतीच्या एसटीत केरबाची भडास निघाली. "तुम्हाला आधीच कळलं होतं ना? मग तोंडानं सांगायचं. चारचौघांत माझी शोभा कशाला?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बुवा, मी माझ्या कानानं ऐकलंय," बुवा म्हणाले. "आणि ऐकलंच होतंस की. फक्त कुणाचा आवाज ऐकतोयस ते तुला ठाऊक नव्हतं. मोठं भांडं घुमत असलं की शेजारचं फुटकंसुद्धा घुमल्यासारखं वाटतं. शेट काही खोटं बोलला नाही, नुसता वाजवत राहिला. म्हणून कुठलंही भांडं पारखायचं तर आधी आजूबाजूचं गप्प करावं. मग एकच टोला द्यावा आणि त्याचं त्याला वाजू द्यावं."

केरबानं मान हलवली. राग अजून पुरता गेला नव्हता, पण रविवारी बुवांशी काम पडणार होतं.

"बरं, रविवारी तरी वेळेवर या," तो म्हणाला. "गल्ल्याशेजारी बसा. गिऱ्हाइकांशी तुम्हीच बोला दोन शब्द. लोक तुम्हाला मानतात. वर्गातसुद्धा मी तुमच्या बाजूला बसलो की माझं बोलणं लोक कसं..."

तो मध्येच थांबला. बुवा खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या मोजत होते.

केरबानं पायाशी ठेवलेलं वाडग्यांचं पोतं जवळ ओढलं.

"नका येऊ," केरबा म्हणाला.

"बरं," बुवा म्हणाले.

रविवारी त्यानं एकट्यानं शटर वर केलं. पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलताना आवाज जरा कापला, पण तो त्याचाच होता.