दारावरचा डहाळा

नदीकाठच्या एका गावात एकदा उलट्या-जुलाबांची साथ आली. गावात एक वृद्ध वैद्य होते आणि त्यांच्यापाशी एक शिष्य शिकत होता. शिष्य हुशार होता, आणि हुशार शिष्यांना नियम फार प्रिय असतात. ज्या घरी साथ शिरेल त्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, असा गावाचा जुना रिवाज. त्याप्रमाणे शिष्याने म्हाताऱ्या भिवाच्या दाराला डहाळा बांधला. इतरांना सावध करणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्याला मनापासून वाटत होते.

गाव इतके सावध झाले, की भिवाच्या दारात कोणी पाण्याची घागरसुद्धा ठेवीना. वैद्यांनी स्वतः पाणी नेले म्हणून तो बिचारा वाचला.

त्यानंतर एकही नवा रोगी आला नाही.

"गुरुजी, साथ हटली!" शिष्य आनंदाने म्हणाला.

वैद्यांचा चेहरा मात्र उतरला. "घरोघर विचारलेस?"

"विचारले ना. भिवाच्या शेजारची गोजरा दार किलकिले करून म्हणाली, 'आमच्याकडं समदं बरं हाय.' तिची मुलगी तेवढी दिसली नाही."

वैद्य तडक उठले. त्यांनी लिंबाचे डहाळे तोडले, एक स्वतःच्या दाराला बांधला आणि दुसरा पाटलांच्या. पाटील भडकले. "माझ्या घरात कुणाला साधी शिंक नाही! गावात माझी शोभा करता काय?"

"नाही, पाटील. आजपासून डहाळ्याचा अर्थ एवढाच, की या घरात पाणी उकळून पितात. तेवढे चुलीवर आधण ठेवायला सांगा."

संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक दाराला डहाळा लागला. शिष्य मागोमाग फिरत होता, पण आतून धुसफुसत होता. "गुरुजी, आता रोगाचे घर ओळखायचे कसे? ही तर लपवाछपवी झाली."

"लपवाछपवी आधीच सुरू झाली होती," वैद्य शांतपणे म्हणाले. "जो शुश्रूषा करणार त्याला रोग्याचे घर ठाऊक हवे, बाकी गावाला उपाय ठाऊक असला की पुरे. तुझा हेतू शुद्ध होता. पण भिवाचे हाल पाहून लोक रोगाला भ्याले नाहीत, आपल्याला भ्याले. आपल्याला भिणारा माणूस रोगी घरात दडवतो, आणि त्याची धुणी गुपचूप पाणवठ्यावर नेतो. मग साथ थांबणार कशी?"

तेवढ्यात पदराखाली मुलीला घेऊन गोजरा आली. "पोरगी कालधरनं निपचित हाय, वैद्यबाबा. भिवाआबाची गत बघून लई भ्याले व्हते. आता समद्यांच्याच दाराला डहाळा हाय, म्हणून आले."

आधी का सांगितले नाहीस, हा प्रश्न शिष्याच्या ओठांवर आला होता. मुलीचे खोल गेलेले डोळे पाहून त्याने तो गिळला, आणि मीठ-गुळाचे पाणी चमच्याचमच्याने तिला पाजत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीने आपणहून पाणी मागितले, तेव्हा त्याला रडू आवरेना.

पुढे तो घरोघर फिरे, तेव्हा 'कोण आजारी आहे?' असे विचारीत नसे. 'पाणी आणून देऊ का?' असे विचारी. दारे आता सताड उघडू लागली.