शेवंतीचा साकव

समुद्राच्या अलीकडे, नारळी-केळींच्या दाटीत, फुलांच्या वाड्यांचं एक हिरवंगार गाव होतं. मधोमध पांढरंशुभ्र चर्च, आणि अगदी टोकाला, ओढ्याच्या काठी, झावळ्यांनी शाकारलेली एक चिमुकली झोपडी. त्या झोपडीत ब्रिजित नावाची आठ वर्षांची मुलगी आईबरोबर राहायची.

ब्रिजितचे बाबा दर्यावर मासे धरायला जायचे. दोन वर्षांपूर्वी एका वादळात त्यांची होडी गेली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून आई, म्हणजे अँजेलीन, लोकांच्या वाड्यांत फुलं खुडून घर चालवायची. पण यंदा नाताळ तोंडावर आला आणि आईला तापानं धरलं. पाच दिवस झाले, ती गोधडीतून उठली नव्हती. घरात होती मूठभर तांदळाची पेज, आणि एका बाटलीत दोन बोटं खोबरेल.

ते तेल ब्रिजितनं जपून ठेवलं होतं. बाळ येशूसाठी तिनं दाराशी मातीचा इवलासा गोठा केला होता आणि नाताळला त्यात पणती लावायची होती.

नाताळच्या आदल्या दिवशी, उन्हं जरा कलल्यावर, गोठ्यात पसरायला वाळकं गवत आणावं म्हणून ती वाडीत गेली. शेवंती अशी फुलली होती, की पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या फुलांवरून डोळा हलेना. फुलपाखरं झुलत होती, वारा हळूच गुदगुल्या करत होता. तेवढ्यात कुणीतरी शिंकलं.

"आक्-छी!"

शिंक एवढीशी होती, मोहरीच्या दाण्याएवढी! ब्रिजितनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. फणसाच्या खोडाला कुणीतरी कोयता मारला होता, आणि त्या घावातून पांढरा चीक ओघळत होता. त्या चिकात, बोटभर उंचीची, चांदण्यासारखी लखलखणारी एक परी चिकटून बसली होती!

"बघत काय राहिलीस?" परी रडवेल्या आवाजात म्हणाली. "माझा पंख सोडव ना गं! ओढला तर फाटेल."

"ओढू नकोस हं! फणसाचा चीक तेलाशिवाय सुटत नाही," ब्रिजित म्हणाली. घरात तेल होतंही, पण... तिला पणती आठवली. क्षणभरच ती थबकली, आणि मग धूम पळत जाऊन बाटली घेऊन आली. थेंब थेंब तेल लावत, हळुवार बोटांनी तिनं तो नाजूक पंख सोडवला. बाटली रिकामी झाली तेव्हा परी भुर्रकन उडाली, आणि सोनेरी धूळ झाडत ब्रिजितच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसली.

"मी देवाच्या बागेतली माळीण," ती म्हणाली. "सकाळी फुलांवर दंव शिंपडते. घे!"

तिनं ब्रिजितच्या तळहातावर दंवाचे तीन टपोरे थेंब ठेवले. एक निळा, एक सोनेरी, एक गुलाबी.

"एकेका थेंबाला एकेक मागणं. पण नियम ऐकून ठेव. सूर्य बुडाला की उरलेले थेंब विरून जातील. आणि माझी जादू कुणाच्या मनाला हात लावत नाही. मन वळव, राग घालव, असलं काही मागू नकोस. तिथं माझं काही चालत नाही."

"मला आधी माझी आई बरी करायचीय," ब्रिजित घाईघाईनं म्हणाली. निळा थेंब टिचकन फुटला.

ती धावत घरी गेली, तर आई चुलीपुढं बसून केस विंचरत होती! ताप नाही, थकवा नाही. ब्रिजितनं तिच्या गळ्याला मिठी मारली. दोघी हसल्या, मग थोडं रडल्या, मग पुन्हा हसल्या. आईनं पेज गरम केली आणि ताटं मांडली. एक, दोन, तीन.

"आई, आपण तर दोघीच."

"तिसरं तुझ्या पास्कल मामाचं," आई हळूच म्हणाली. "दर नाताळला मांडते."

पास्कल मामाचं कौलारू घर ओढ्यापलीकडं दिसायचं. आईनं मासेमाराशी लग्न केलं, म्हणून आईच्या या थोरल्या भावानं नऊ वर्षांपूर्वी अबोला धरला होता. एवढंच नाही, ओढ्यावरच्या साकवाच्या फळ्याही त्यानं स्वतःच्या हातांनी उपटून टाकल्या होत्या. तेव्हापासून त्या पुलाचे नुसते खांब पाण्यात उभे होते. ब्रिजितनं मामाला कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

ती पुन्हा वाडीत गेली. परी शेवंतीच्या फुलात बसून पंख वाळवत होती.

"परी, मामाला आमच्याकडं यायला लाव ना!"

परीनं मान हलवली. "नियम विसरलीस? मनाला हात लावायचा नाही."

ब्रिजित हिरमुसली. "मग देवानं कसं केलं? फादर म्हणाले, माणसं देवाशी फटकून वागायची, त्याच्यापासून लांब लांब जायची. पण देवानं त्यांच्याशी गट्टी केली. पहिल्या नाताळला."

"केली ना," परी म्हणाली. "पण कशी, ते सांगितलं का फादरनी?"

ब्रिजित आठवू लागली. "देवानं बोलावणं नाही पाठवलं... तोच आला. बाळ होऊन. गोठ्यात."

"बाळ होऊनच का बरं? मोठा राजा होऊन का नाही?"

ब्रिजित म्हणाली, "राजा आला असता तर सगळे घाबरले असते. बाळाला कोण घाबरतं?" आणि तिचे डोळे चमकले. "परी, मीही लहानच आहे! मीच जाते मामाकडं!"

सोनेरी थेंब हातात धरून ती म्हणाली, "मला ओढा ओलांडायला साकव दे."

काय सांगू! वाडीतल्या शेवंतीच्या वेली झाल्या, वेलींच्या दोऱ्या झाल्या, दोऱ्यांची वीण झाली, आणि त्या उघड्या खांबांवर पिवळ्या-पांढऱ्या फुलांचा झुलता साकव सरसर विणला गेला. खाली काळंशार पाणी, वर फुलांची वाट!

"सूर्य बुडेपर्यंतच हं!" परी ओरडली.

ब्रिजित वाऱ्यासारखी पलीकडं गेली. मामाच्या दारात पोचताच तिनं कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून जाड, चिडका आवाज आला.

"मी ब्रिजित. अँजेलीनची."

दार उघडलं. दारात एक उंच म्हातारा उभा होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला होता. तो भिंतीला हात लावत चालत होता. मागं घर अंधारलेलं होतं, आणि चूल थंड.

"कुणी पाठवलं तुला? आईनं?"

"नाही. मीच आले. उद्या नाताळ आहे ना मामा, तर आत्ताच आमच्याकडं जेवायला या. पेजच आहे, पण गरम आहे."

"मला कुणाकडं जायचं नाही," मामा म्हणाला. "निघ इथून. जा!"

ब्रिजितच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या मुठीत गुलाबी थेंब होता. तो तिनं स्वतःसाठी ठेवला होता. लाल फ्रॉक, पांढरे बूट, गोड नेवऱ्यांनी भरलेला डबा; काय काय मागायचं ते तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. ती वळली. तेवढ्यात मामाचा पाय उंबऱ्याला अडखळला, आणि तो हवेत हात चाचपडू लागला. ब्रिजितनं पटकन तो हात धरला. केवढा गार हात होता तो!

तिला फ्रॉक आठवेना, बूट आठवेनात.

"नका येऊ मामा," ती म्हणाली. "पण तुम्हांला नीट दिसू दे."

गुलाबी थेंब टिचकन फुटला.

मामानं डोळे चोळले, पुन्हा चोळले. दुधाचा पडदा विरला होता. आणि गेल्या कित्येक महिन्यांत त्याला स्पष्ट दिसलेली पहिली गोष्ट म्हणजे ब्रिजितचा ओला, धुळीनं माखलेला चेहरा. तेच कपाळ, तीच हनुवटी, लहानपणी त्याचं बोट धरून चर्चला येणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीची!

"मी तुला हाकललं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आणि तू मला डोळे दिलेस? का गं पोरी?"

"तुम्हांला दिसत नव्हतं म्हणून," ब्रिजित म्हणाली.

मामा मटकन उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग उठून त्यानं अंगणातला कंदील उचलला, फडताळातला गूळ घेतला, तांदळाची पिशवी खांद्यावर टाकली. "चल," तो म्हणाला. "नऊ वर्षं उशीर झालाय. आणखी नको."

सूर्य नारळांच्या शेंड्यांना टेकला होता. साकवावरची फुलं एकेक करून गळायला लागली होती. "पळा मामा!" ब्रिजित ओरडली, आणि तो उंच म्हातारा तिचा हात धरून, हसत, धापा टाकत, फुलांवरून धावला! त्यांचा शेवटचा पाय काठाला लागला आणि पाकळ्यांचा साकव पाण्यावर विखरून वाहत गेला.

आई दारातच उभी होती. मामानं नुसतं "अँजे" म्हटलं, आणि आईनं धावत येऊन त्याच्या छातीवर डोकं टेकलं.

मामानं आणलेल्या कंदिलातलं तेल पणतीत ओतलं गेलं. गोठा उजळला. आई आणि मामा गुडघे टेकून शेजारी शेजारी बसले. ब्रिजितनं पाहिलं, तर गोठ्याच्या छपरावर परीही हात जोडून बसली होती.

"परी," ती कुजबुजली, "मामाचं मन कुणी वळवलं? तू तर नाही ना?"

"मी नाही," परी हसली. "आज तुझ्याबरोबर साकवावरून आणखी एकजण चालत होता. माणसानं माणसाकडं जायला पाऊल उचललं, की तो येतोच. त्याच्या येण्यालाच तर नाताळ म्हणतात."

तिचे पंख उजळत गेले. आधी सोनेरी, मग पांढरेशुभ्र. झोपडी क्षणभर प्रकाशानं भरून गेली, आणि त्या प्रकाशात परी दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी चर्चची घंटा घणघणली. अवघ्या गावानं पाहिलं, पास्कल मामा एका हातानं बहिणीचा आणि दुसऱ्या हातानं भाचीचा हात धरून मिस्सेच्या प्रार्थनेला येत होता. ब्रिजितचा फ्रॉक जुनाच होता. पण मामा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होता, "ही माझी भाची हं! आता ह्या दोघी माझ्याच घरी राहणार!" आणि दर वेळी ते ऐकताना ब्रिजितला वाटत होतं, अजून एकदा सांगू दे, अजून एकदा.