तांबडीचं पीस बोललं तेव्हा

एक होता राजा. पण तो आज आपल्या गोष्टीत नाही, शिकारीला गेलाय. त्याला जाऊ दे. आज गोष्ट आहे मथूआक्काची. चिंगे, पाय पांघरुणात घे.

मथूआक्का खाडीकाठी एकटी राहायची. तिची एकुलती लेक रंगू लग्न होऊन पलीकडच्या काठावर गेली. जाताना तिने आपली लाडकी तांबडी कोंबडी आईच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "आये, हिला जप. माझी आठवण आली की हिच्याशी बोल." मग काय, मथूआक्का रोज बोलायची. तांबडीही मान वाकडी करून ऐकायची, बरं का.

एकदा काय झालं, निरोप आला. रंगूला दिवस गेलेत, बाळंतपणाला माहेरी येणार, जावई सोडायला येणार. मथूआक्काला काय करू नि काय नको असं झालं. तिने घर सारवलं, अंगण झाडलं. मग बघते तर तांबडी नि घरच्या बाकीच्या कोंबड्या उकिरड्यावर पाय मारून किडे खातायत. ती म्हणाली, "लेक काय म्हणेल? माझ्या तांबडीला आईने उकिरड्यावर वाढवलं?" मग तिने उकिरड्याला कुंपण घातलं. कोंबड्यांना नव्या खुराड्यात कोंडलं. आणि खायला काय? तर पांढराशुभ्र तांदूळ, तोही धुऊन धुऊन. दुसरं काही नाही.

थोडे दिवस गेले. मग कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागल्या. आज हिची पाठ उघडी, उद्या तिची शेपटी गायब. हसू नका रे, त्यांना लागत होतं. रक्त यायचं.

मग मथूआक्काने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. काही फरक नाही. मग जखमांना हळदतेल लावलं. तर बाकीच्या त्या हळदीवरच चोची मारायला लागल्या. मग शेजारच्या शेवंताकाकी आल्या. त्या म्हणाल्या, "मथू, एक सुरुवात करते, बाकीच्या शिकतात. ती कोण ते बघ. नाहीतरी जावयाला कोंबडी-वडे करावेच लागणार. तिलाच काप."

मथूआक्का खुराड्यापाशी बसून राहिली. आणि पहिली चोच कुणी मारली? तांबडीने.

जावयाचा दिवस उजाडला. तांबडी टोपलीखाली, चुलीवर आधण. मथूआक्काने सुरी घेतली खरी, पण हात उचलेना. रंगूला काय तोंड दाखवू, म्हणून ती रडायला लागली. तेवढ्यात टोपलीच्या फटीतून एक तांबडं पीस बाहेर आलं, तरंगत तरंगत तिच्या नाकावर बसलं आणि बोलायला लागलं. खरंच बोललं. मला माझ्या आजीने सांगितलंय.

पीस म्हणालं, "आक्का, मला कशानं बनवलंय, सांग."

"तांदळानं. दुसरं काय घालते मी तांबडीला?"

"नुसत्या तांदळानं पीस होत नाही गं. त्याला किडे लागतात, वाळवी लागते, खाडीतला बारीक सुका जवळा लागतो. ते तू बंद केलंस. मग जिथे सापडतं तिथून खातात बिचाऱ्या."

एवढं बोलून पीस तिच्या मांडीवर पडलं ते पडलंच. साधं पीस झालं.

मथूआक्काने टोपली उचलली. कुंपण मोडलं. कुजक्या ओंडक्यातली वाळवी झाडून दिली. कोंड्यात सुका जवळा नि शेंगदाण्याची पेंड कालवली. कोंबड्या अशा तुटून पडल्या की दुसरीच्या पिसांकडे कुणी बघेना.

इतक्यात होडी लागली. रंगू उतरली आणि अर्धी बोडकी तांबडी धावत तिच्या पायाशी गेली. "आये, हिला काय झालं?" मथूआक्का म्हणाली, "माझ्या लाडानं झालं," आणि सगळं सांगून टाकलं. जावयाला वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली. त्याने ती मागून मागून खाल्ली.

मग मथूआक्का लेकीला मऊ भात आणि तूप वाढायला लागली. आणि तिचा हात थांबला. रंगूचं तोंड सुकलेलं, वेणी उंदराच्या शेपटीएवढी झालेली.

"तिकडे काय जेवतेस गं?"

"मऊ भात नि तूप. सासूबाई दुसरं काही खाऊच देत नाहीत. फार लाड करतात."

मथूआक्का उठली. तिने ताटात मासे वाढले, डाळ वाढली, अंडं ठेवलं.

"आये, हे सगळं मला?"

"खा मुकाट्यानं. आतल्यालाही पिसं यायचीत."

मग हळूहळू तांबडीच्या पाठीवर बारीक काटे आले, काट्यांची पिसं झाली. आणि रंगूला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, डोकंभर काळ्या जावळाची. त्या जावळावरून हात फिरवला तेव्हा कुठे मथूआक्काचा जीव भांड्यात पडला. लेक, नात, तांबडी, सगळ्या सुखात राहिल्या.

चिंगे, आज तू डाळ ताटात टाकलीस, मी पाहिलंय. उद्या सगळी संपवायची. आता मिटा डोळे.