रोजच्या चार ओळी

वाचनालयाचा कथापुरस्कार श्रीरंग पेडणेकरांना मिळाला, ते अध्यक्ष धारणकरांना काही रुचलं नाही. श्रीरंगांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. रोज ते चारच ओळी लिहीत, त्याही बहुधा आपल्या आणि जोडीदार यशवंतच्या संसारावर.

धारणकर शाल हातातच धरून भर सभेत म्हणाले, "मी रोज वीस पानं लिहितो. चार ओळींत कसला आलाय लेखक?"

श्रीरंग हसले. "बोटं फार दुखतात हो. म्हणून प्रत्येक वाक्याला आधी विचारतो, बाबा रे, तुझ्यासाठी एवढं सोसू का? लायक नसेल ते परत पाठवतो."

"परत? कुठे?"

"ती जातात कुठे, ते मलाही माहीत नव्हतं," श्रीरंग म्हणाले. "तुम्ही वीस पानं म्हणालात, तेव्हा कळलं."